अडीच वाजताचे मेस्त

जयराम मेस्त आणि टेलिव्हिजन यांची पहिली भेट झाली त्या दिवशी आंबेखोल गावातला पोदेर पाव विकायचा विसरला, पेडण्याची बस पंचवीस मिनिटं पिंपळाखाली उभी राहिली आणि मेस्तांच्या बायकोच्या, देवकीच्या, चुलीवरची पेज तळाला लागून तिची खीर झाली.

डिचोलीच्या दीपमाळ चॅनेलचा विशाल हा तरुण निर्माता जुन्या कारागिरांवर दोन मिनिटांचं चित्रण करायला आला होता. दोन मिनिटं, असं त्याने तीनदा सांगितलं. मेस्तांनी ते ऐकलं नाही, कारण ते त्याला बघत होते. फळीची धार बघताना मिटतात तसा एक डोळा मिटून त्यांनी विशालला शेंडीपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "डावो खांदो पाव इंच खाली आसा. आवशीन ल्हानपणी एकाच कुशीर निजयल्यान." विशालने तिथूनच आईला फोन लावला. खरं निघालं.

मग कॅमेऱ्याची घोडी उघडली. मेस्तांनी आयुष्यात तीन पायांची वस्तू कधी मान्य केली नव्हती.

"चौथो पाय खय?"

"नसतोच, मेस्तांनू."

"मगे हेका उभो कित्याक केलास?"

पावसात मेजाचा खण का अडकतो, एवढाच प्रश्न विशालने विचारला. मेस्तांनी उत्तराला सुरुवात फणसाच्या झाडापासून केली. पहिली बॅटरी संपली तेव्हा झाड अजून फळावर आलं नव्हतं. दुसरी संपली तेव्हा कुठे करवत लागली. शेजारच्या घरातून वायर ओढली, चहा तीनदा झाला, बसमधली माणसं उतरून कुंपणाला टेकली. अखेर खण तयार झाला आणि मेस्तांनी तो एका बोटाने मेजात ढकलला. आतली हवा असा लांब सुस्कारा टाकत बाहेर आली, की कॅमेरामनने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तसा सुस्कारा पेडणे तालुक्यात कुठल्याही लाकडाने कधी टाकला नव्हता.

दोन मिनिटांचा कार्यक्रम त्यानंतर सहा वर्षं चालला. नाव 'सुतारशाळा'. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीच ते तीन. ही वेळ का, असं मेस्तांनी कधी विचारलं नाही.

त्यांना कीर्ती मिळाली आणि ती त्यांनी काटकसर न करता वापरली. बाजारात मासळीवाली दोन बांगडे जास्त टाकायची. अनोळखी माणसं रस्ता ओलांडून येत आणि सांगत, "रोज लावतंव हां मेस्तांनू, एक दिवस चुकयत नाय!" मेस्त घरीसुद्धा टीव्हीसारखे वागू लागले. भाताच्या टोपावरचं झाकण उचलण्याआधी ते जरा थांबत, समोर बघून हसत आणि म्हणत, "नमस्कार मंडळी."

"मंडळी खय आसत?" देवकी विचारायची. "मी एकटीच आसंय. बसा जेवूक."

सहाव्या वर्षी पटाशी हातातून पडली. एकदा पडली तेव्हा मेस्त पटाशीवर रागावले. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी आवाज न करता ती उचलली आणि उजवा अंगठा डाव्या हाताने दाबून पाहिला. दाबल्याचं अंगठ्याला कळलं नाही. डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की लिहिता येईल, जेवता येईल. जोर लावायचं काम मात्र आता या हाताकडून होणार नाही. मेस्तांनी हे कुणाला सांगितलं नाही. कार्यक्रमात ते जास्त बोलू लागले, आणि लाकूड कापायची वेळ आली की विशाल जुन्या चित्रणातले हात दाखवू लागला.

नेमक्या त्याच वर्षी चैत्रात देवीच्या पालखीची दांडी तडकली.

ही दांडी मधोमध कमानीसारखी उचललेली असते. एवढा बाक एका झाडात मिळत नाही, म्हणून शिवणीच्या लाकडाचे दोन तुकडे मधोमध सांधायचे. खिळा नाही, गोंद नाही, पट्टी नाही. बाहेरून केसाएवढी रेघ दिसते. आत काय आहे ते मेस्तांच्या घरच्या थोरल्या मुलालाच माहीत. घरात त्या सांध्याला 'मिठी' म्हणत, कारण पालखीचं वजन पडलं की तो सुटायच्या ऐवजी आवळत जातो. पाच पिढ्या हे काम कवाड लावून चाललं होतं: थोरल्याने आत शिकायचं, धाकट्याने बाहेर बसून कोणी येतंय का ते बघायचं. जयराम आत शिकले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि बाहेर राखणीला धाकटा भाऊ सदाशिव होता. ती दांडी चाळीस वर्षं टिकली. जुनी उघडून बघावी म्हटलं तर तेही चालत नाही. देवीच्या अंगाला लागलेल्या लाकडाला पुन्हा लोखंड लावत नाहीत. नवी दांडी चढली की जुनी तेरेखोलच्या नदीत सोडतात.

देवस्थानचे अध्यक्ष गुरुदास अंगणात येऊन बसले. "मेस्तांनू, मार्गशीर्षात जत्रा. होतला मां?"

"होयत तर," मेस्त म्हणाले आणि चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

मेस्तांचा मुलगा गौरेश तुयें गावच्या फॅक्टरीत कामाला होता. नाही म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. एका रविवारी तो लाकडासमोर बसला आणि दुपारपर्यंत त्याने एक भोक पाडलं, ज्यातून शेजारच्या मांजराला आरामात जाता आलं असतं.

"पप्पा, थय मी दिवसभर डब्यांक झाकणां लावतंय," तो बोटाला चिंधी गुंडाळत म्हणाला. "ह्या माज्यान जमाचा नाय."

तालुक्यातले सुतार प्लायवूडवाले. त्यातल्या दोघांना मेस्तांनी बोलावून बघितलं. एकाने यंत्र लावून बाक कापला, तो कापतानाच फाटला. दुसऱ्याने विचारलं, आतून लोखंडी पट्टी मारली तर कोणाला कळणार आहे? मेस्तांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग त्यांनी हिशेब केला. सहा वर्षं, आठवड्याचे पाच दिवस. पेडण्यापासून वास्कोपर्यंत हजारो घरांत त्यांनी करवत कशी धरायची इथपासून शिकवलं होतं. रोज लावतो असं सांगणारी माणसं मोजायला गेलं तर जत्रा भरली असती. त्या सगळ्यांत एक तरी हात तयार झाला नसेल? एकच हवा होता. तो कुठल्या घरात आहे ते माहीत नव्हतं, म्हणून मिठी सगळ्या घरांत पोचवायला हवी होती. मेस्तांनी देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला, पाच पिढ्यांची क्षमा मागितली आणि टीव्हीवर जाहीर केलं, की आषाढातल्या पहिल्या आठवड्यात आपण घरची मिठी उघडून दाखवणार.

सदाशिवचा फोन आला. तो डिचोलीत तयार दरवाजे विकायचा. लाकूड सोडून त्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण राखण सुटली नव्हती.

"दादा, घरचो दागिनो तू टीव्हीर उघडो टाकतलंस?"

"घेणारो कोण तरी मिळाक होयो रे."

"मी पावसात भायर बसान राखण केली ती ह्येच्यासाठी? परत माज्या दारात येव नको!"

सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस, मेस्तांनी मिठी दाखवली. हात विशालच्या कॅमेरामनचे, सांगितलं तिथे खूण करून रंधा फिरवण्यापुरते; शब्द मेस्तांचे. शुक्रवारी तीन वाजायला एक मिनिट असताना त्यांनी हात जोडले. "मंडळी, ज्याला हे समजलं असेल त्याने मला फोन करावा. चतुर्थीपर्यंत मी वाट बघतो."

अकरा फोन आले. मेस्तांनी प्रत्येक फोन उभं राहून घेतला. वास्कोहून बंदरातले एक निवृत्त कामगार म्हणाले, कार्यक्रमाची सुरुवातीची धून बदलू नका, तिच्यानेच डोळे जड होतात. डिचोलीची एक बाई चिडली होती: "मंगळवारी तुम्ही मध्येच ठोकलंत मोठ्याने, आमचं बाळ दचकून उठलं. रंधाच चालवा की!" एका सुनेने आभार मानले, सासऱ्यांची झोपेची गोळी सुटली होती. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

अकरावा फोन ठेवल्यावर मेस्त बांकावर बसले. देवकीने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मग ते बसने डिचोलीला गेले आणि विशालसमोर उभे राहिले.

"सगळी निजतत?"

विशाल टेबलावरच्या वायरी सारख्या करू लागला. "मेस्तांनू, अडीच म्हणजे... जेवण झालेलं असतं. आणि तुमच्या रंध्याचा आवाज! पाऊस लांबून येतो ना, तसा. लोकांना इतकं आवडतं की मी काही बोललो नाही."

"तुका म्हायत होता."

"कार्यक्रमाचा जाहिरातदार कोण आहे, तुम्ही कधी बघितलंत का?"

मेस्तांनी बघितलं नव्हतं. म्हापशाचा एक गादीवाला होता. गेली सहा वर्षं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर हसून म्हणाला, "रोज लावतंव हां मेस्तांनू." मेस्तांनी पहिल्यांदाच खिडकीबाहेर तोंड केलं.

चतुर्थीला चार दिवस राहिले असताना बारावा फोन आला. तेरेखोलहून कमलाक्षी बाई बोलत होत्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत, पूर्ण जागा. "मेस्त, तुमचं सगळं शिक्षण माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसापासून. मिठीसुद्धा."

मेस्तांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काटकोन बघायचा गुण्या पिशवीत टाकला, पटाशी कापडात गुंडाळून घेतली. केरीच्या फेरीबोटीत ते बसलेच नाहीत, पुढच्या साखळीला धरून उभे राहिले, जणू त्यांच्या उभं राहण्याने बोट लवकर पोचणार होती. बाईमाणूस असली म्हणून काय झालं, ते स्वतःशी म्हणत होते. हात असला म्हणजे पुरे. बाईंच्या ओसरीवर लाकडाचा एक कपटाही दिसला नाही, पण मेस्तांनी मनाची समजूत घातली की बाई टापटिपीच्या आहेत.

बाईंनी कपाटातून वह्या काढल्या. तीस-बत्तीस वह्या, प्रत्येकीला कव्हर. अक्षर असं की ते बघून मेस्तांना छपाई वाटली. प्रत्येक पानावर तारीख, विषय, खाली लाल रेघ. पहिल्या पानावर फणस आणि सागवान यांतला फरक, मुद्देसूद. चौथ्या ओळीपर्यंत. पाचव्या ओळीत अक्षरं मोठी होत गेली, सहाव्या ओळीत मात्रा सुटल्या, आणि मग एक लांब रेघ पानावरून घसरत खालच्या कोपऱ्यात गेली. दुसऱ्या पानावर तसंच. शंभराव्या पानावर तसंच. सहा वर्षं रोज बाई ताठ बसून लिहायला लागत आणि रोज ती रेघ कोपऱ्यात जात होती.

मेस्तांनी आषाढाची वही उघडली. सोमवार. "आज मेस्त घरची गोष्ट सांगणार. मध्यापासून पहिली खूण दोन"

पुढे रेघ.

"दोन काय, बाई?"

बाईंनी चष्मा लावून आपलंच अक्षर वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी निवृत्त झाल्यापासून कुणी रोज वेळेवर येऊन मला काही शिकवत नाही, मेस्त," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही येता." मेस्तांनी वही मिटली, दोन्ही हातांनी त्यांना परत दिली आणि अक्षराचं कौतुक केलं. ते मनापासून होतं. मग पटाशी घेऊन ते उतारावरून बोटीकडे आले.

आता गोव्यात एकच माणूस उरला होता. बाकीचे प्रेमाने बघत होते म्हणून झोपले. जो रागाने बघत होता, तो तरी जागा राहिला असणार. दुसऱ्या दिवशी मेस्त सदाशिवच्या दारात गेले. दुकानभर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दरवाजे उभे होते, आणि त्यांतला एकही कुठे जात नव्हता.

"येव नको म्हटलेलंय मां?" सदाशिव खुर्चीतून उठला नाही.

"तू बघलंस मां, सदा?"

"बघलंय. पाचय दिवस. खुर्ची टीव्हीसमोर ओढून."

मेस्तांनी दरवाजाची कड धरली. "सोमवारी खूण खय मारली?"

सदाशिव गल्ल्यावरच्या पावत्या लावू लागला. त्या आधीच लावलेल्या होत्या.

"सदा?"

"शिव्या घालीत बसलेलंय, दादा. देवाशप्पथ. मगे तुजो रंधो सुरू झालो..."

"आनि?"

"चार वाजता बायलेन चाय आणून दिल्यान."

"पाचय दिवस?"

"बुधवारी लाइट गेलेली. त्या दिवशी जागो होतंय."

मेस्त एका गुंडाळलेल्या दरवाजावर बसले आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "माज्या हाताक जोर नाय रे, सदा," ते म्हणाले. "चैत्रापासून नाय. कोणाक सांगूक नाय मी." सदाशिवने तो हात उचलला, अंगठ्याला चिमटा काढला, भावाच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा काढला, जोरात. मग त्याने दुकानाचं शटर ओढलं.

मेस्तांच्या माळ्यावर शिवणीच्या तीन जोड्या नऊ वर्षं वाळत पडल्या होत्या. तीनच. भाद्रपद सरल्यावर दोघं भाऊ आंबेखोलच्या घरात लाकडासमोर बसले. सवयीने जयरामांनी कवाड लावलं. देवकीने ते बाहेरून ढकललं. "आता कोणापासून लपयतास? सगळ्या गोंयाक दाखयलास तर!" आणि ती सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यावरच बसली.

सदाशिवचे हात पंचवीस वर्षांनी जागे होत होते आणि त्यांना उठायचं नव्हतं. पहिली जोडी त्याने तिसऱ्या दिवशी फाडली. दुसरी जमली, पण सैल. हलवली की खुळखुळायची. दोघं भांडले, एकमेकांच्या अकलेचं माप काढलं, जेवायला वेगवेगळ्या वेळी बसले. जयरामांची झोप गेली होती. रंध्याच्या आवाजावर सगळा गोवा झोपत होता आणि ते मात्र दुपारी डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत दिवस मोजत होते. कार्तिकात तिसरी जोडी घेतली. सदाशिव एक काप द्यायचा, थांबायचा, घाम पुसायचा, विचारायचा, "पाचर खयच्या अंगान?"

"उजव्या."

"नक्की?"

"सदा, माका शिकवतंस?"

बारा दिवसांनी दोन तुकडे एकमेकांत गेले आणि केसाएवढी रेघ राहिली. जयरामांनी उजवा अंगठा तिच्यावरून फिरवला. काहीच कळलं नाही. डावा फिरवला. त्यालाही काही लागलं नाही, आणि हे बरोबर होतं. सदाशिव भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

जत्रेला बारा दिवस असताना सकाळी देवळासमोरच्या पटांगणात दांडीची परीक्षा झाली. पालखीत देवीच्या जागी वाळूची दोन पोती. आठ जणांनी खांदे दिले. वजन पडलं तशी मिठी कुरकुरली आणि आवळली. गुरुदासांनी नमस्कार केला. जयराम पालखीबरोबर एक एक पाऊल मागे चालत होते, नजर रेघेवर. दहा पावलं नीट गेली. अकराव्याला रेघ काळी झाली, बोटभर रुंद झाली, आणि पालखी वाळूच्या पोत्यांसकट जमिनीवर बसली. कुणाला लागलं नाही.

सदाशिव उघडलेल्या सांध्यापाशी गुडघ्यांवर बसला. "दादा, तू सांगलंस तसाच कापलंय मी. रेघभर चुकूक नाय."

नव्हताच चुकला. जयराम लाकडाच्या पलीकडे, भावाच्या समोर बसले होते, आणि तिथून बघताना त्यांना कळलं. एकोणीस वर्षांचे असताना तेही वडिलांच्या असेच समोर बसले होते. पाचर उजव्या अंगाने गेली ती त्यांच्या उजव्या. वडिलांच्या ती डाव्या अंगाची होती. मिठी त्यांनी स्वतः एकदाही कापलेली नव्हती, फक्त पाहिली होती, आणि चाळीस वर्षं उलटी लक्षात ठेवली होती. टीव्हीवर पाच दिवस त्यांनी सगळ्या गोव्याला ती तशीच उलटी शिकवली होती.

"आणखी दहा दिस दिया," ते गुरुदासांना म्हणाले. हात जोडायला गेले तर उजवा हात अर्ध्यावरच राहिला. "माका आता समाजला. खरोच समाजला. खयसूनय लाकूड हाडतंय. वल्या लाकडात करतंय, पाच वर्सां तरी टिकतला..."

गुरुदास त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांनी मेस्तांचे दोन्ही हात धरून खाली केले. "मेस्तांनू, उगीच जिवाक लावन घेव नकात. पाइप परवाच हाडून ठेवलो आसा."

"कसलो पाइप?"

"स्टीलचो. वाकवून मिळाता. वर सोनेरी रंग मारतंव."

मार्गशीर्षात जत्रा झाली. जुनी दांडी नदीत सोडली. नवी दांडी अकरा किलोंनी हलकी आहे आणि पालखी वाहणाऱ्यांना ती खांद्याला बरी पडते.